५० हजारांत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप: खान्देशातलं ऊन, वीज आणि अप-डाऊन धरून

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीला जळगावला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. ती अमळनेरहून रोज रेल्वेने अप-डाऊन करणार. बजेट ५० हजार, ओढूनताणून ५५. दुकानदार ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप दाखवतोय आणि ‘चार वर्षं बघायला नको’ म्हणतोय. शेजारच्या मुलाने ३२ हजारांचा घेतला, तो म्हणतो तेवढ्यात भागतं. काय घ्यावं?

दादा, दोन्ही नको. गेमिंगवाला तिच्या कामापेक्षा जड आहे, आणि ३२ हजारांचा दुसऱ्या वर्षापासून अडवायला लागेल. या बजेटमध्ये १४ इंची, दीड किलोच्या आसपासचा, १६ जीबी रॅमचा, साध्या पण दमदार प्रोसेसरचा लॅपटॉप घ्या. निवड करताना एकच कसोटी लावा: जे नंतर बदलता येत नाही त्यावर पैसे घाला. प्रोसेसर, स्क्रीन, बॉडी आणि आतल्या मुख्य बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली, रॅम बदलता येत नाही. एसएसडी (फाइल साठवणारी डिस्क), बॅटरी, स्लॉटमधली म्हणजे खाचेत बसवलेली रॅम, वायफाय कार्ड या गोष्टी बहुतेक मॉडेलमध्ये नंतर बदलता येतात. दुकानातल्या बोर्डावर मात्र नेमकं उलट लिहिलेलं असतं, तिथे एक टीबी एसएसडी मोठ्या अक्षरात आणि रॅम सोल्डर आहे हे कुठेच नाही.

गेमिंग का नको, ते आधी सांगतो. ५०-५५ हजारांत जे ग्राफिक्स कार्ड मिळतं ते आरटीएक्स २०५० किंवा ४ जीबीचं ३०५०. म्हणजे त्या घराण्यातलं सगळ्यात खालचं. ते बसवायचं म्हणून कंपनी बाकी ठिकाणी हात आखडता घेते, स्क्रीन फिकी आणि बॅटरी छोटी देते. वजन सव्वादोन किलोच्या पुढे जातं आणि अडॅप्टरच अर्ध्या किलोचा असतो. सकाळच्या गाडीला उभ्याने प्रवास, वर डबा, पाण्याची बाटली, जर्नल. हे ओझं रोज खांद्यावर घेणारी ती आहे. बॅटरी दोन-तीन तासांत संपते आणि वर्गात प्रत्येक बाकाजवळ प्लग नसतो. कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमात, मग कॉलेज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं असो की लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं, सी, पायथन, जावा, डेटाबेस, वेब, ऑपरेटिंग सिस्टिम हीच मुख्य कामं असतात आणि यांपैकी कशालाही ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पुढे मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट आला तर गूगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गूगलचा संगणक वापरायच्या सोयीवर, मर्यादित वेळ का होईना, ग्राफिक्स कार्ड फुकट वापरायला मिळतं, आणि ४ जीबीच्या कार्डापेक्षा ते बरंच मोठं असतं. मुलीला गेम्स, ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंगची खरोखर आवड असेल तर गोष्ट वेगळी. मग बजेट ७० हजारांच्या पुढे न्या. मधल्या किमतीचा गेमिंग लॅपटॉप धड ना हे काम करतो, धड ना ते.

आता प्रोसेसर. इथे नावावर जाऊ नका, पूर्ण नंबर वाचा. ‘रायझन ५’ एवढं ऐकून घेतलेले दोन लॅपटॉप अगदी वेगळे निघू शकतात. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू हे दोन नंबर शेजारी ठेवा. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो: ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. पहिल्यात ४ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, दुसऱ्यात ६. शिवाय ७५२०यू सोबत रॅम नेहमी सोल्डर केलेलीच येते, म्हणजे ८ जीबीचा घेतला तर कायमचा ८ जीबीचा. आणि दोन्हींच्या पुठ्ठ्यावर स्टिकर एकच, रायझन ५. इंटेलमध्येही तेच. कोअर आय३ एन३०५ मध्ये ८ कोअर आहेत असं दुकानदार सांगेल आणि ते खरंही आहे, पण ते आठही कमी विजेवर चालणारे छोटे कोअर आहेत. त्यापेक्षा आय३ १२१५यू मधले २ मोठे आणि ४ छोटे कोअर कोडिंगसाठी बरे. तुमच्या बजेटमध्ये आय५ १३३४यू, कोअर ५ १२०यू, रायझन ५ ७५३०यू किंवा रायझन ७ ७७३०यू यांपैकी काहीही चालेल. त्यांच्यातला फरक चार वर्षांत जाणवण्याइतका नाही. नंबराच्या शेवटी ‘एच’ असलेले, जसं आय५ १३४२०एच, हे जास्त ताकदीचे, पण जास्त तापणारे आणि बॅटरी खाणारे. यू मालिकेची मूळ रचना १५ वॉटची, एच मालिकेची ४५ वॉटची. आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करता आणि रोजचं अप-डाऊन असताना मी ‘यू’ सुचवेन.

रॅम १६ जीबी, यात तडजोड नको. विंडोज ११ सुरू झाल्या झाल्या ३-४ जीबी घेतं. त्यावर क्रोमच्या दहा-बारा टॅब, व्हीएस कोड आणि एक ऑनलाइन लेक्चर चालू केलं की ८ जीबी भरली. ॲण्ड्रॉइड स्टुडिओत इम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली मोबाइल) चालवायचा असेल तर ८ जीबीवर काम होतच नाही म्हटलं तरी चालेल. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा एसएसडीवर टाकायला लागतं आणि मग माउस हलवला तरी अडकतो. मुलं याला ‘हँग होतो’ म्हणतात आणि दोष प्रोसेसरला देतात.

पण १६ जीबी कशी आहे, हेही बघा. शोरूममधल्या डेमो लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’वर क्लिक करा. खाली ‘फॉर्म फॅक्टर’ असं लिहिलेलं असतं. तिथे ‘सोडिम’ दिसलं तर रॅम स्लॉटमध्ये आहे, ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर बोर्डवर सोल्डर केलेली आहे. सोल्डर असलेली १६ जीबी असेल तर माझी हरकत नाही. सोल्डर असलेली ८ जीबी आणि एकही मोकळा स्लॉट नाही, हा लॅपटॉप मात्र कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. ८ जीबी सोल्डर अधिक एक मोकळा स्लॉट, हा प्रकार बजेट कमी असणाऱ्यांना चांगला, कारण दुसरी ८ जीबी वर्षभराने टाकता येते. फक्त ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच टाकून घ्या, म्हणजे वॉरंटीवरून वाद होत नाही. एकच १६ जीबीची पट्टी असण्यापेक्षा ८-८ च्या दोन असणं चांगलं, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप स्क्रीनचं कामही याच रॅममधून करतो आणि दोन रस्ते मिळाले की ते काम जलद होतं.

एसएसडी ५१२ जीबी एनव्हीएमई (जलद प्रकारची) पुरे. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते, फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. ‘ईएमएमसी’ (संथ प्रकारची साठवण) हा शब्द दिसला की तो लॅपटॉप बाजूला ठेवा.

स्क्रीन फुल एचडी, आयपीएस (बाजूने पाहिलं तरी नीट दिसणारी). किमतीच्या या पट्ट्यात बहुतेक स्क्रीन २५० निट्सच्या असतात, निट्स म्हणजे उजेडाचं माप. गाडीत खिडकीजवळ त्या नीट दिसत नाहीत. ३०० निट्सचं मिळालं तर हजार-दोन हजार जास्त मोजायला हरकत नाही. रंगांबाबत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असेल तर फोटो फिके दिसतील, कोडिंगला फरक पडत नाही. टच स्क्रीनवर पैसे घालू नका. टाइप-सी पोर्टवरून चार्जिंग होतं का ते मात्र नक्की विचारा. पोर्ट असतं पण चार्जिंग घेत नाही, असंही असतं. गोल पिनचा अडॅप्टर गाडीत विसरला तर कंपनीचाच शोधावा लागतो, टाइप-सीचा ६५ वॉटचा कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतो.

बॅटरी किती तास चालेल हे कंपनीच्या आकड्यावरून ठरवू नका. वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते, ते बघा. साध्या कामाला यू मालिकेचा लॅपटॉप सरासरी ७-८ वॉट खातो, म्हणजे ४२ वॉट-अवरची बॅटरी नवी असताना पाच-साडेपाच तास. दोन वर्षांनी त्यातला पाचवा हिस्सा सहज गेलेला असतो. म्हणून ५० वॉट-अवरच्या वरची मिळाली तर तिला पसंती द्या.

आता आपल्या भागाचं. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी आतही फार कमी नसतं. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांवर स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. पंखा बाहेरची हवा आत ओढूनच थंड करतो, त्यामुळे खोलीच २५ ऐवजी ४२ अंशांवर असेल तर तेवढे १७ अंश आधीच खर्ची पडलेले. पुण्यात व्यवस्थित चालणारा लॅपटॉप आपल्याकडे एप्रिलमध्ये ‘स्लो झाला’ वाटतो तो यामुळे. गरम वाऱ्याची फट कुठे आहे तेही विकत घेताना पाहा. काही मॉडेलमध्ये ती स्क्रीनच्या बिजागरीमागे असते आणि झाकण उघडलं की अर्धी झाकली जाते. बाजूला किंवा मागे मोकळी फट असलेलं मॉडेल आपल्याकडे जास्त बरं.

वापरताना लॅपटॉप गादीवर, गोधडीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते. लाकडी पाट किंवा स्टॅण्ड वापरा. आणि कूलर. खान्देशात उन्हाळ्यात अभ्यास कूलरसमोरच होतो, पण लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. गवताच्या ताट्यांतून हवेबरोबर बारीक तुषार येतात, बोअरच्या पाण्यातले क्षार त्यांच्याबरोबर कीबोर्डमध्ये आणि पंख्यात जातात. वर्षा-दोन वर्षांत की अडकायला लागतात, बोर्डवर पांढरा-हिरवा गंज धरतो, आणि ‘लिक्विड डॅमेज’ म्हणून वॉरंटी नाकारली जाते. कूलर मुलीकडे असू द्या, लॅपटॉप झोतापासून एका बाजूला आणि चार-पाच फूट लांब.

धूळही कमी नाही. जिनिंगजवळ किंवा शेतात घर असेल तर कापसाचे तंतू आणि धूळ मिळून पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, खालचं झाकण काढावं लागतं. वर्षातून एकदा, होळीच्या आधी, हे करून घ्या. साफ करणाऱ्याला सांगा की ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धर. हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगात फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप, बदला.

बॅटरीला उष्णता आणि शंभर टक्के भरलेली अवस्था, या दोन्ही एकत्र आल्या की ती सगळ्यात लवकर म्हातारी होते. म्हणून घरी सतत चार्जरवर वापरताना चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. लेनोवोच्या व्हँटेज, असुसच्या माय-असुस ॲपमध्ये ही सोय आहे, एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, असते. परीक्षेच्या दिवशी १०० करा. दुपारी स्टेशनबाहेर उभ्या केलेल्या स्कूटीच्या डिकीत लॅपटॉप कधीही ठेवू नका. टचपॅड वर आलेलं किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे असं समजा, चार्जिंग तिथेच बंद करा, दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका.

विजेचं म्हणाल, तर अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे मोटारी सुरू झाल्यावर व्होल्टेज खाली गेलं म्हणून काही बिघडत नाही. स्टॅबिलायझरची गरज नाही. बिघडतं ते व्होल्टेज वर गेल्यावर. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की काही घरांत २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळ येतं आणि अडॅप्टर, टीव्ही, राउटर एकाच वेळी जातात. यावर उपाय म्हणजे मीटरनंतर, एमसीबीशेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, तो सगळ्या घरालाच वाचवतो. लॅपटॉपसाठी सर्ज प्रोटेक्टर असलेली पट्टी घ्या. नुसता फ्यूज असलेली साधी पट्टी वेगळी, ती हे काम करत नाही. दिवे गेले की प्लग काढा आणि आल्यावर दोन-तीन मिनिटांनी लावा. मे-जूनच्या वादळी पावसात विजा कडकडायला लागल्या की अडॅप्टरबरोबर राउटरची केबलही काढा, कारण तांब्याच्या तारेतूनही झटका येतो.

चार्जिंग चालू असताना धातूच्या बॉडीवर हाताची मागची बाजू फिरवली आणि झिणझिण्या आल्या, तर समजा घरात अर्थिंग नाही, किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये लावला आहे. अडॅप्टरमधून येणाऱ्या अगदी बारीक करंटला जमिनीत जायला वाट नसते म्हणून तो बॉडीवर जाणवतो. त्याने सहसा इजा होत नाही, पण अर्थिंग नसलेल्या घरात सर्ज प्रोटेक्टरही अर्धंच काम करतो. लॅपटॉपवर ५० हजार घालताय, त्या आधी अर्थिंग तपासून घ्या.

सर्व्हिसचा प्रश्न ब्रँडपेक्षा मोठा. ‘ऑनसाइट’ वॉरंटी म्हणजे माणूस घरी येतो, ‘कॅरी-इन’ म्हणजे तुम्ही घेऊन जायचं. कंपनीच्या साइटवर अमळनेरचा पिनकोड टाकून बघा, ऑनसाइट खरंच मिळते का. नसेल तर जळगावात किंवा धुळ्यात अधिकृत सेंटर आहे का ते फोन करून खात्री करा, नाहीतर नाशिक किंवा संभाजीनगरच्या चकरा होतात, आणि पोरीचं सबमिशन त्याच आठवड्यात असतं. अप-डाऊन करणाऱ्याला पडझडीचं संरक्षण, म्हणजे ‘ॲक्सिडेंटल डॅमेज’, घेण्यासारखं आहे. ते आणि वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच घेता येते.

घाई करू नका. ब्रँच पक्की होईपर्यंत, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. पहिल्या सत्राचं काम कॉलेजच्या लॅबमध्ये भागतं, आणि दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये त्याच किमतीत बरा लॅपटॉप मिळतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या दोन-तीन दुकानांत दर विचारा आणि ऑनलाइन दराशी ताडून बघा. स्थानिक दुकानात हजार-बाराशे जास्त गेले तरी मी तिकडे झुकेन, अट एवढीच की जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरीयल नंबर हवा. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत व्याजाएवढी सूट मिळते, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी लावते. ते धरून हिशेब करा. शिवाय ‘डॉस’ लिहिलेला लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण त्यात विंडोज नसतं आणि दुकानदार क्रॅक, म्हणजे चोरीचं विंडोज, टाकून देतो. तो घेऊ नका.

खोकं समोर फोडून घ्या. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या तळावरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर एकच आहे ना, बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाइप करा. जी फाइल तयार होते तिच्यात मूळ क्षमता, आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता आणि बऱ्याच मॉडेलमध्ये सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली) दिसतो. नव्या लॅपटॉपचा सायकल काउंट शून्य किंवा दोन-चार असावा. चाळीस-पन्नास दिसला तर तो डेमोचा किंवा परत आलेला आहे. पूर्ण काळा, पूर्ण पांढरा आणि पूर्ण लाल फोटो स्क्रीनभर उघडून मेलेले ठिपके शोधा. ऑनलाइन घेतलात तर पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा.

बजेट ३०-३५ हजारांच्या वर जातच नसेल तर नव्या कमकुवत लॅपटॉपपेक्षा वापरलेला बिझनेस लॅपटॉप परवडतो, जसे थिंकपॅड टी४८० किंवा टी४९०, डेलचे लॅटिट्यूड. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे इंटेलची आठवी पिढी ही खालची मर्यादा; त्याआधीच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. बॅटरी बदलण्याचे पैसे आधीच बाजूला ठेवा, आणि बायोसमध्ये जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, ते दुकानातच तपासा.

घरात दुसरं कोणी मेकॅनिकल किंवा सिव्हिलला असेल तर त्याला हे उत्तर लागू नाही. सॉलिडवर्क्स, रेव्हिट यांना विंडोजच लागतं, मॅकबुक चालत नाही, आणि तिथे एच मालिका व ग्राफिक्स कार्डाचा उपयोग आहे. बी.कॉम.ला टॅलीसाठीही विंडोज हवं, पण ८ जीबीचा साधा लॅपटॉप पुरतो.

शेवटचं काम दुकानात करायचं नाही, घरी करायचं: विंडोजचं पहिलं सेटअप. दुकानदार वेळ वाचवायला स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू करून देतो. नव्या लॅपटॉपमध्ये खातं जोडलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला कुलूप लागतं, आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. सहा महिन्यांनी एखाद्या अपडेटनंतर निळ्या स्क्रीनवर ती की मागितली जाते, आणि ती असते दुकानदाराच्या खात्यात. त्याने ते खातं काढून टाकलेलं असेल तर आतलं सगळं गेलं. म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावून, मुलीच्या स्वतःच्या ई-मेलने सेटअप करा, सोबत आलेलं ऑफिसही त्याच खात्यावर मुदतीत सुरू करा, आणि ती ४८ अंकी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून बघून बिलाच्या मागे लिहून ठेवा.